अजब बातमीमागची वही

जून २०२०मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत रोज साथीचे आकडे वाचून विटलेल्या लोकांना ही बातमी म्हणजे मोठाच विरंगुळा होता. ती बघता बघता जगभर गेली. अमेरिकेच्या नासाने उपग्रहातून टिपलेली दोन चित्रं प्रसिद्ध केली : २५ मेच्या चित्रात सरोवर हिरवट, १० जूनच्या चित्रात गुलाबी. मुळात लोणारला नवलाची कमतरता नाही. बेसाल्टच्या कातळावर उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं आणि अतिशय अल्कधर्मी पाणी, आणि वर लोणासुराच्या वधाची कथा. अशा जागी पाणी तांबूस व्हावं, म्हणजे बातमीदाराला वेगळं काही करावं लागत नाही.

त्यानंतरचा भाग मात्र फार थोड्यांनी वाचला. सरोवराच्या संवर्धनाबद्दलच्या याचिकेची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालूच होती. न्यायालयाने या रंगाची दखल घेतली. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकर संस्थेला त्यात मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले, हॅलोआर्किया नावाचे. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाट झाले, हे जीव वाढले आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. नमुना काही दिवस तसाच ठेवला तेव्हा जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याला रंग नव्हताच, पाण्यातल्या रहिवाशांना होता. रोहित पक्ष्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते ती अशाच रंगद्रव्यांमुळे. मूळ बातमीपेक्षा हा खुलासा मला कितीतरी अधिक नवलाचा वाटतो. पण खुलासा येईपर्यंत बातमीला महिना उलटून गेला होता, आणि वर्तमानपत्राच्या हिशेबात महिना म्हणजे एक युग.

इथे पत्रकारितेवर तोंडसुख घेऊन लेख संपवता येईल. तसे लेख बरेच येतात आणि ते बरोबरही असतात. मला खटकलेली गोष्ट दुसरी आहे. हे यापूर्वी कधी झालं होतं का, हा साधा प्रश्न तेव्हा सगळेच विचारत होते. स्थानिक अभ्यासक सांगत होते, की रंग आधीही बदलला आहे, यंदा तो जास्त उठून दिसला इतकंच. पण किती वेळा, कोणत्या साली, त्या उन्हाळ्यात क्षार किती होते, हे सांगणारी अखंड नोंद कोणी पुढे केली नाही. लोणारला जगभरचे शास्त्रज्ञ येऊन गेलेत. विवराच्या वयावर, खडकांवर, तिथल्या सूक्ष्मजीवांवर प्रबंध निघालेत. मात्र दर महिन्याला काठावर जाऊन पाण्याची पातळी, खारेपणा आणि रंग लिहून ठेवणं हे प्रबंधाचं काम नव्हे. ते कारकुनी काम. आणि कारकुनी कामाला कोणी वाली नसतो.

अजब म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं. मग नेहमीचं काय, ते ज्याने लिहून ठेवलेलं नाही त्याला अजब काय हे कसं कळणार? त्याला प्रत्येकच गोष्ट ‘इतिहासात प्रथमच’ घडताना दिसते. आपल्या चित्रविचित्र बातम्यांत ‘प्रथमच’ हा शब्द इतक्या वेळा येतो, तो या विसराळूपणामुळे.

केरळच्या लाल पावसाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २५ जुलै २००१ला कोट्टायम जिल्ह्यातल्या चंगनाशेरी भागात लाल पाऊस पडला, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत ठिकठिकाणी पडत राहिला. वाळत घातलेले कपडे गुलाबी झाले. आधी अंदाज निघाला, की वर कुठे तरी उल्का फुटली असावी. मग तिरुवनंतपुरमच्या दोन संस्थांनी, म्हणजे भूविज्ञान केंद्राने आणि वनस्पती उद्यानाने, नमुने तपासले. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. त्यांनी ते कण प्रयोगशाळेत वाढवले. त्यातून ट्रेन्टेपोहलिया नावाचं शेवाळ उगवलं. दगडफुलात बुरशीच्या जोडीने राहणारं हे शेवाळ त्या भागातल्या झाडांवर मुबलक आहे, हेही त्यांनी जागेवर जाऊन पाहिलं. अहवाल त्याच वर्षी तयार झाला. पण लाल पाऊस जगभर गाजला तो २००६मध्ये, जेव्हा कोट्टायमच्या विद्यापीठातल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हे कण परग्रहावरचे जीव असावेत असा निबंध छापला. आधी खुलासा आणि मागाहून गूढ! आपल्याला वाटतं, विज्ञान गूढाचा पाठलाग करत जातं. इथे गूढच खुलाशाला मागे टाकून पुढे गेलं, कारण खुलासा एका सरकारी अहवालात होता.

त्या दोघांची टिंगल करायचं कारण नाही. शंका काढणं हे त्यांचं कामच होतं. पण एका बाजूला अंतराळातले जीव आणि दुसऱ्या बाजूला चंगनाशेरीच्या झाडांवरचं शेवाळ असेल, तर ते शेवाळ कोणत्या ऋतूत, किती बहरतं, त्याचे बीजाणू हवेत कधी येतात, याची वर्षानुवर्षांची नोंद हाच निवाडा असतो. शेवाळ मोजत बसणाऱ्याची बातमी मात्र होत नाही.

गणपती दूध प्यायला तो दिवस वेगळ्या जातीचा. २१ सप्टेंबर १९९५. पहाटे दिल्लीत सुरू झालेली वार्ता फोनवरून फिरत संध्याकाळपर्यंत लंडन-न्यूयॉर्कच्या देवळांत पोचली होती. आंतरजाल घरोघर नसतानाची ही गोष्ट आहे. लोकांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. चमच्यातलं दूध खरोखरच ओढलं जात होतं. द्रवाच्या पृष्ठताणामुळे ते मूर्तीच्या पृष्ठाला चिकटतं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. पांढऱ्या किंवा ओल्या मूर्तीवर हा ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो दाखवून दिला. आपल्याकडच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही प्रात्यक्षिकं केली. इथे नोंदवहीची गरज नव्हती, चिमूटभर रंग पुरेसा होता, आणि खुलासा जवळपास त्याच दिवशी आला. तरीही अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६मध्ये, माहीमच्या खाडीचं पाणी ‘गोड’ झाल्याची बातमी आली. लोकांनी बाटल्या भरून नेल्या आणि महापालिका पिऊ नका म्हणून सांगत राहिली. त्याच्या दोनच दिवसांनी मूर्ती पुन्हा दूध पिऊ लागल्या. ऐन पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे खारटपणा उतरणारच. दर पावसाळ्यात तिथला क्षार मोजून कुठे फळ्यावर लिहिला जात असता, तर ती बातमी निदान थोडी उशिरा तरी झाली असती.

आता ज्याची वही नीट ठेवली गेली, त्याच्याकडे वळतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकाने १९२७ साली डांबर तापवून काचेच्या बंद नसराळ्यात ओतलं. तीन वर्षं ते बसू दिलं. १९३०मध्ये नसराळ्याची दांडी कापली आणि डांबर खाली टपकायची वाट पाहायला सुरुवात केली. हातोड्याने फोडलं तर ठिकऱ्या उडतील असं हे डांबर प्रत्यक्षात वाहतं, एवढंच विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. पहिला थेंब पडला १९३८मध्ये. दुसरा १९४७मध्ये. पुढच्या वर्षी पार्नेल वारले. नसराळं कपाटात गेलं. १९६१मध्ये तिथे रुजू झालेल्या जॉन मेनस्टोन यांना ते आढळलं आणि त्यांनी ते पुढची पन्नासेक वर्षं सांभाळलं.

मेनस्टोन यांची गोष्ट जगातल्या सगळ्या ‘हटके’ सदरांत छापून आली आहे, कारण ती फारच हास्यास्पद आहे. १९७९चा थेंब पडला तेव्हा ते सुट्टीच्या दिवशी घरी होते. १९८८मध्ये प्रयोग प्रदर्शनात मांडला होता. ते काहीतरी प्यायला पाच मिनिटं बाहेर गेले आणि थेंब पडला. २००० साली कॅमेरा लावून ठेवला होता, तो नेमका बंद पडला. २००५मध्ये पार्नेल आणि मेनस्टोन यांना ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं पारितोषिक. ऑगस्ट २०१३मध्ये मेनस्टोन वारले. नववा थेंब एप्रिल २०१४मध्ये सुटला.

बातमी इथे संपते. वही इथे संपत नाही. या नोंदींतून डांबराची चिकटपणाची किंमत काढता आली : पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट. त्याहून मजेची गोष्ट तारखांच्या अंतरात आहे. आधीचे थेंब साधारण आठ-नऊ वर्षांनी पडत होते. आठव्याने मात्र बारा वर्षं घेतली. मधल्या काळात त्या इमारतीत वातानुकूलन आलं होतं! गारव्यात डांबर आणखी आळसावलं. कोणीही मुद्दाम न मोजलेली गोष्ट एका कंटाळवाण्या प्रयोगाने आपण होऊन लिहून ठेवली. जी माणसं या प्रयोगाला वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून येणारा कागदाचा पट्टा रोज वाचत होती. दिवसाला सुमारे शंभर फूट. त्या पट्ट्यावर कधीमधी उमटणारा एक बारीकसा खरबरीत तुकडा तिच्या डोळ्यांना खुपला. नेहमीचा पट्टा तिच्या डोळ्यांत बसला होता म्हणूनच तो खुपला. त्यातून दर १.३३ सेकंदांनी स्पंदन देणारा पहिला पल्सार तारा सापडला. गटाने गमतीने त्याला ‘छोटे हिरवे मानव’ असं नाव दिलं होतं. १९६८मध्ये निबंध आला तेव्हा वर्तमानपत्रांनी खगोलशास्त्राचे प्रश्न तिच्या मार्गदर्शकांना विचारले, आणि तिला विचारलं, तुझे मित्र किती आहेत, तुझ्या शरीराची मापं काय आहेत. हे तिने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. मानवी पैलूच्या नावाखाली काय काय खपतं याचा हा नमुना. तिच्या बातमीतला खरा मानवी पैलू तो शंभर फूट कागद होता.

एवढं वहीचं कौतुक केल्यावर एक अडचण सांगितलीच पाहिजे. आपण नोंदी ठेवतच नाही असं नाही. जिथे पैसा आहे तिथे आपण शतकानुशतकं नोंदी ठेवत आलो आहोत. लोणारचाच दाखला घ्या. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त लोणार आहे, ते विवर म्हणून नव्हे, काच आणि साबण करायला लागणारे क्षार तिथे मिळतात आणि त्यातून सरकारला महसूल येतो म्हणून. पाण्याच्या रंगाला महसूल नाही, म्हणून त्याची वही नाही.

आणि महसुलाची वही सत्य बोलते का? उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी हे त्याचं चालतंबोलतं उत्तर आहेत. सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागद काढायला ते गेले, तेव्हा आपण मेलो आहोत असं त्यांना कळलं. काकाने लाच देऊन त्यांना दप्तरात मृत दाखवलं होतं आणि जमिनीचा तुकडा आपल्या नावावर करून घेतला होता. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे दिसत असूनही दप्तर बदलेना. मग त्यांनी स्वतःची नोंद व्हावी म्हणून एकेक उद्योग केले. निवडणुकीला उभे राहिले. एकदा विश्वनाथ प्रताप सिंहांविरुद्ध, एकदा राजीव गांधींविरुद्ध. नावापुढे ‘मृतक’ लावलं. आपल्यासारख्यांना जमवून उत्तर प्रदेश मृतक संघ काढला. १९९४ साली ते कागदोपत्री पुन्हा जिवंत झाले. २००३मध्ये त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं आणि २०२१मध्ये ‘कागज’ हा हिंदी चित्रपटही आला.

ही बातमीही जगभर हसत हसत वाचली गेली. पण तिच्यात अजब काय होतं? माणूस जिवंत असणं ही तर नेहमीची गोष्ट. तिची वही चुकीची होती, आणि ती तपासायचा अधिकार ज्याच्या हातात होता त्यानेच ती चुकवली होती. मृतक संघात पुढे बरेच लोक आले, म्हणजे त्या भागात हे अजबही नव्हतं. ‘एक विक्षिप्त माणूस’ अशी बातमी देण्याऐवजी एखाद्या बातमीदाराने तहसिलातली दप्तरं आणि गावातली माणसं जुळवून पाहिली असती, तर तिथे एक धंदा उघडा पडला असता. न्यायालयाने आणि मानवी हक्क आयोगाने या प्रकारांची दखल घेतली, ती बऱ्याच उशिरा. लाल बिहारींनी मात्र स्वतःचा निकाल लागल्यावरही नावापुढचं ‘मृतक’ काढलं नाही आणि संघ बंद केला नाही. इतरांची दप्तरं अजून दुरुस्त व्हायची होती.