सरबताचा पेला आणि मेसचे बिल

एखाद्या पुढाऱ्याचे प्रकरण बाहेर आले की, पाप लपत नाही असे आपण म्हणतो. हे तितकेसे खरे नाही, असे आम्हांला वाटते. पुष्कळदा पाप वर्षानुवर्षे उघड्यावरच असते. ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाला त्याची झळ लागली, म्हणजे त्याचे प्रकरण होते.

डभोईच्या बाजूचीच उदाहरणे पाहू. डभोई पूर्वी बडोदे संस्थानात होते. मल्हारराव गायकवाडांच्या अमलात सारावसुलीचा जाच, सावकारांची लूट, स्त्रियांची विटंबना यांविषयी इतकी गाऱ्हाणी झाली की, १८७३ साली इंग्रज सरकारने कर्नल मीड यांच्या हाताखाली चौकशी नेमली. कारभार वाईट ठरला. पण महाराजांना सुधारण्यासाठी १८७५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. रयतेने आणखी सोसावे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले. या दोघांचे आधीपासून वाकडे होते. जानेवारीत महाराजांना अटक झाली. सहा जणांच्या आयोगात तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी धरले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी धरले नाही. मग एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले ते गैरकारभाराबद्दल, आणि मुदत तर अजून आठ महिने उरली होती! शेतकऱ्याचे रडणे ऐकू येण्यासाठी साहेबाच्या पेल्यात विष पडावे लागले.

मग आरोप करणाऱ्याचा स्वार्थ दिसला, तर आरोपच खोटा मानावा काय? मुळीच नाही. मल्हाररावांचा जुलूम खरा होता. परंतु आरोप करणाऱ्याचे समाधान झाले की न्यायाची हाकाटीही थांबते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शब्बाथ शाळेत उरीयाची गोष्ट सांगताना आपण दाविदाच्या पश्चात्तापावर भर देतो. नाथानाला त्यात काही मिळवायचे नव्हते, हेही मुलांना सांगावे.

दुसरे उदाहरण अलीकडचे. शेजारच्या संखेडा तालुक्यातले चिमणभाई पटेल १९७३ च्या जुलैत गुजरातचे मुख्यमंत्री झाले. धान्य व तेल महागले होते, गरीब कुरकुरत होते. डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात मेसचे बिल वाढले आणि भडका उडाला. तेलवाल्यांशी संगनमताचा आरोप, चोर म्हणून घोषणा, गोळीबार, आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला राजीनामा. १९७५ च्या निवडणुकीत ते स्वतः पडले. पण ज्या विरोधकांनी त्यांच्या नावाने बोटे मोडली होती, त्यांनीच सरकार बनवताना त्यांच्या नव्या पक्षाचा पाठिंबा घेतला. (राजकारणात याला तडजोड म्हणतात.) १९९० साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९९४ मध्ये त्याच पदावर असताना वारले. तेल काही तोवर १९७३ च्या भावावर आले नव्हते.