पिशवीतला गर्भ आणि दुसरं हृदय

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी मेंढीची अपुऱ्या दिवसांची कोकरं पारदर्शक पिशवीत ४ आठवड्यांपर्यंत जगवली. पिशवीत गर्भजलासारखा द्रव खेळता होता आणि नाळेच्या रक्तवाहिन्या प्राणवायू पुरवणाऱ्या यंत्राला जोडल्या होत्या. पंप मात्र नव्हता. रक्त फिरवायचं काम कोकराचं हृदयच करत होतं. माणसाच्या हिशेबात ते २३-२४ आठवड्यांचे गर्भ. आरंभाच्या टोकाला, २०२१ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत उंदराचे भ्रूण फिरत्या बाटल्यांत ११व्या दिवसापर्यंत वाढले. पुढे वारेवाचून त्यांचं भागेना. माणसाच्या बाबतीत मधला मोठा पल्ला अजून कुणाच्या आवाक्यात नाही, कारण वार घडते ती गर्भाच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्यांची रचना बदलतात तेव्हा. तरीही गर्भ अथपासून इतिपर्यंत यंत्रात वाढण्याबद्दल ‘हे कधीच होणार नाही’ असं मी म्हणणार नाही. टेस्ट ट्यूब बेबीबद्दलही १९७८ पर्यंत तेच म्हटलं जात होतं.

धार्मिक आक्षेप बहुधा पहिल्या पायरीवरच अडखळतो: यंत्रातल्या बाळात आत्मा येईल का? आपल्या परंपरेला ही अडचण कधी पडलेली दिसत नाही. द्रोण पात्रातून जन्मले, अगस्त्य घटातून, कौरव तुपाच्या कुंभांतून. त्यांच्या जीवात्म्याबद्दल महाभारतात कुणी शंका काढत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर यावर वादच रंगला आहे. गर्भ आई, बाप, आत्मा, सात्म्य (शरीराला मानवणारं ते) आणि पोषक रस यांच्यापासून होतो, असं आत्रेय सांगतात आणि भरद्वाज यातलं एकेक कारण खोडत जातात. आत्रेयांचं उत्तर असं, की अनेक अंगं जुळून रथ होतो तसा गर्भ या सगळ्यांच्या समुदायातून होतो. म्हणजे आई हे अनेकांतलं एक कारण. या न्यायाने पिशवीतलं बाळ आत्म्याला पारखं ठरत नाही.

पण तोच ग्रंथ पुढे गर्भिणीला दोन हृदयांची म्हणतो आणि तिचे डोहाळे पुरवायला सांगतो. दोन्ही हृदयं रसवाहिन्यांनी जोडलेली आहेत, हे त्याचं कारण. शरीरशास्त्र म्हणून ते आज टिकणार नाही, निरीक्षण मात्र खोल आहे. देवाणघेवाण खरोखर दोन्हीकडून चालते. मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या बाईच्या रक्तातही पुरुषपेशींच्या खुणा मिळाल्याचं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. पिशवीतल्या कोकराचंही हृदय धडधडतं, पण पलीकडे बदलणारं कुणी नाही. यंत्र गर्भ पोसू शकेल. गर्भार होऊ शकणार नाही.

यावर सडेतोड आक्षेप आहे: बाळंतपणात रक्तस्रावाने बायका मरतात, मग दोन हृदयांचं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. वेणांना पवित्र म्हणणं, ज्यांना त्या सोसायच्या नसतात त्यांना फार सोपं जातं. यशोदेचा दाखलाही आहेच. आईपणाला गर्भारपण लागतंच असं नाही. मला दोन्ही मान्य. पण यशोदेच्या आधी देवकी होती, आणि संकर्षणाचा, म्हणजे बलरामाचा, गर्भ हलवला तोही रोहिणीच्या उदरात. या कथांत एका बाईच्या जागी दुसरी बाईच आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी २०२३ मध्ये अशा यंत्रांच्या मानवी चाचण्यांवर चर्चा केली, ती फार लवकर जन्मणाऱ्या बाळांपुरती. त्यांना आईच्या पोटाची ऊब आधीच मिळालेली असते. तिथे पिशवी वापरायला माझी काडीचीही हरकत नाही. पहिल्या पेशीपासून शेवटच्या दिवसापर्यंत यंत्रात वाढवायचं, तर मूल हाती येण्याआधीचे नऊ महिने त्याचं कोण असेल, हे आधी ठरवावं लागेल.