आधी डा, मग पाणी

मेळघाट, धारणी तालुक्यातली एक अंगणवाडी. चार वर्षांचा पोरगा माठाजवळ येऊन म्हणाला, ‘‘डा.’’ गावातल्याच मदतनीसबाईंनी पेला भरून त्याच्या हातात दिला. पाहणीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडम पुढे सरसावल्या. ‘‘बाळा, पाणी म्हण, पाणी.’’ पोरानं पेला दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तो मदतनीसबाईंच्या पदराआड सरकला.

‘‘मॅडम, कोरकूत डा म्हणजे पाणीच,’’ सेविकाताई म्हणाल्या.

‘‘ते कळलं हो. पण दोन वर्षांनी हा पहिलीत बसेल. तिथे गुरुजी मराठी, पुस्तक मराठी. आत्ता लाड केले तर तेव्हा मागे कोण पडेल?’’

मॅडमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. नुसतं कानावर पडून मराठी उमगेल, इतकी ती जवळची नाही. बाजारात, दवाखान्यात, तहसीलीत मराठीवाचून अडतं, हे आईबापांनी भोगलेलं असतं.

‘‘त्यांनाच मराठी हवी आहे. आपण त्यांच्याहून शहाणे का?’’

‘‘मराठी हवी म्हणतात, खरंय. कोरकू नको, असं कोण म्हणालं?’’

मॅडम थांबल्या. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय मिळावी, असं घटनेचा अनुच्छेद ३५०-क १९५६ पासून सांगतो. अंगणवाडी तर त्याही आधीची पायरी.

‘‘दोन भाषांत मूल गोंधळणार नाही?’’

‘‘गोष्ट आधी कोरकूत सांगतो, मग तीच मराठीत. कोल्हा कुठे लपला ते ठाऊक असतं, शब्द तेवढे नवे. कोसबाडला वारली मुलं गुरं राखायला जायची, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. इथे कुरणाच्या जागी भाषा आहे, इतकंच.’’

‘‘म्हणजे तुम्हाला कोरकू छान येते.’’

सेविकाताई ओशाळल्या. ‘‘माझी मोडकीतोडकी. गोष्ट या सांगतात.’’ त्यांनी मदतनीसबाईंकडे बोट केलं. ‘‘आणि मानधन यांचं माझ्याहून कमी.’’

मदतनीसबाई खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. मॅडमनी भेटवही उघडली आणि शेरा लिहिला : ‘गोष्ट आधी कोरकूत, नंतर मराठीत. मदतनीस सांगतात.’ मानधनाचा रकाना त्या वहीत नव्हता.