कोरें आणि नवें

अंधेरीस राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें जपून ठेवलेल्या स्नीकर बुटांचा जोड विकावयास काढिला. पेटी, कागद, चिठ्ठी सारें शाबूत. मात्र एकदां घरांतल्या घरांत त्यानें तो पायांत घालून पाहिला होता. 'ह्यास कोरा म्हणावें काय?' असें त्यानें आम्हांस विचारिलें.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. दुकानांत गिऱ्हाइकानें घालून पाहिलेला जोडा पुढच्यास नवा म्हणूनच विकतात. परंतु ती वहिवाट तेथें दोघांसही ठाऊक असते; संग्राहक अस्पर्शतेचेच दाम मोजतो. लुगड्याची घडी एकदां मोडली कीं तें कोरें राहत नाहीं. म्हणून तर घडी मोडण्याचा मान आपण जिवलगास देतों.

कोरें म्हणजे न वापरलेलें, नवें म्हणजे नुकतेंच झालेलें. पॉलियुरेथेनचा तळ मुंबईच्या दमट हवेंत, न वापरतांही, १०-१५ वर्षांत भुगा होऊं शकतो. असा जोड कोरा खरा, नवा नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेंही वापरलेल्याप्रमाणेंच जुना मालही नवा म्हणून भासविणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

आमच्या मतें नवेपणा हा केवळ वस्तूचा गुण नव्हे, तें विकणाराचें वचन आहे. म्हणून शब्दावर न अडतां घडलें तें सांगावें: जोड अमुक वर्षाचा, एकदां घातलेला. भाव उतरेल, उतरूं द्यावा. जें सांगितल्यानें भाव उतरतो, तें झांकून मिळविलेला वरचा पैसा आपला नव्हे.