परतीची तार

मुळशीत आषाढ लागला की पौडच्या गॅरेजांपुढे अडलेल्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत एकदा एक जुनी मिनीबस आली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. पुण्यातल्या एका निवृत्त जोडप्याचं ते फिरतं घर. ड्रायव्हरच्या सीटमागे १२ व्होल्टच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. तक्रार एकच : संध्याकाळी फ्रिज आणि पंखा एकदम लावला की दिवे पिवळे पडतात आणि थोड्या वेळात फ्रिजही बंद.

गॅरेजवाल्या दादांनी फ्रिज चालू ठेवून फ्यूजबॉक्सवर मीटर लावला. १०.८ व्होल्ट. ‘‘बॅटऱ्या गेल्या, काका.’’

‘‘एकच बदलून नाही का भागणार?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नाही काकू. जुनी नवीलाही ओढून खाली नेते. बदलायच्या तर जोडीनं.’’

बोलणं खरं होतं. काकांनी पेन्शनचे पैसे मोजून दिले. नव्या बॅटऱ्या बसल्या, दिवे लख्ख लागले, आणि जुन्या दोन एक्स्चेंजसाठी कोपऱ्यात गेल्या.

रात्री फोन आला. गाडी धरणाच्या काठी उभी होती, पाऊस कोसळत होता, आणि दिवे पुन्हा पिवळे.

‘‘दुपारी येतो,’’ एवढंच दादा म्हणाले. झोप मात्र लागेना. ते उठले, कोपऱ्यातल्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि चार्जर लावला. सकाळी हायड्रोमीटरनं एकेक सेल तपासला. सगळे १.२५०च्या आसपास. मग हेडलाइटचे बल्ब जोडून दोन तास ताण दिला. बॅटऱ्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे त्या म्हाताऱ्या नव्हत्या, नुसत्या उपाशी होत्या.

दादांनी दोन्ही उचलून टेम्पोत ठेवल्या. हाताखालचा पोरगा बघत राहिला.

दुपारी दोघं धरणाच्या काठी पोचले. मुळशीचं हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं आणि तिथली वीज १९२७पासून मुंबईला जाते. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्या घरी दिवा मात्र फार उशिरा लागला. मुळशीत राहणाऱ्या दादांना वीज कुठून निघते यापेक्षा ती कुठे अडते हे आधी सुचायला हवं होतं.

ते चिखलात पाठीवर झोपून गाडीखाली शिरले. पोरग्याला फ्रिज-पंखा लावायला सांगितलं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी चेसिसवर. तिथे जेमतेम शून्य दिसायला हवं, दिसलं १.७. अर्थिंगच्या बोल्टाखाली गंजाचा पापुद्रा बसला होता. लग हाताला गरम लागत होती.

‘‘हे बघ,’’ ते पोरग्याला म्हणाले, ‘‘वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परतही यावं लागतं. वाट इथेच तुंबली. डायनामोचा करंटही ह्याच वाटेनं फिरणार, म्हणून बॅटऱ्या कधी पोटभर चार्जच झाल्या नाहीत. मी मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर लावलाच नव्हता.’’

पॉलिश पेपरनं चेसिस चकचकीत घासली, केबलला नवी लग दाबली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन. मीटर ०.१ वर आला. गाडीतून काकूंचा आनंदाचा आवाज आला.

पोरगा हळूच म्हणाला, ‘‘दादा, झालं की. त्यांना काय कळणारे? नव्या बॅटऱ्या काय वाईट आहेत?’’

दादा अंग पुसत उभे राहिले आणि काकांसमोर गेले. ‘‘काका, तुमच्या बॅटऱ्या चांगल्या होत्या. चूक माझ्या तपासण्यात झाली. त्या घेऊन आलोय, परत बसवतो. हे तुमचे पैसे.’’

काका बराच वेळ नोटांकडे बघत राहिले. ‘‘निदान आजची मजुरी तरी घ्या.’’

‘‘अर्थिंगची घेतो. बॅटरीची नाही.’’

नव्या बॅटऱ्या गॅरेजात परत आल्या. एकदा बसवलेल्या बॅटरीला पुन्हा नव्याचा भाव येत नाही. पावसाळाभर त्या फळीवर पडून राहिल्या. रोज सकाळी पोरगा त्यांच्यावरची धूळ पुसायचा.

भाद्रपदात एक टेम्पोवाला आला. ‘‘बॅटरी गेली रे. नवी टाक पटकन, घाईत आहे.’’

दादा चहाला गेले होते. पोरग्यानं फळीकडे पाहिलं. मग मीटर उचलला आणि काळी तार हातात धरून तो गाडीखाली शिरला.