मन सांगतं म्हणून

‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ मालिकेतला ‘प्रीमनिशन’ हा भाग 9 ऑक्टोबर 1955चा. वडिलांचं काही बरंवाईट झालंय असं मनानं घेतल्यामुळे किम स्टँगर पॅरिसहून घरी परततो. वडील तर केव्हाच गेलेले. हा खून आहे असं वाटून तो शोध घेतो आणि खुनी तो स्वतःच निघतो. पॅरिसला तो गेलेलाच नसतो. ती वर्षं मनोरुग्णालयात गेलेली असतात. मनानं खुणावलं ते पुढचं नव्हतं, मागचं होतं.

हा भाग पाहिला आणि मला आई दिसली. ती बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीजवळ राहते. 26 जुलै 2005च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलं. तेव्हापासून रात्री पाऊस जोर धरायला लागला की अंबरनाथला मला तिचा फोन येतो, “अगं, मनात पाल चुकचुकतेय.” 2019च्या 26 जुलैच्या रात्रीही आला. सकाळी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकलेली. शेजारी म्हणाले, आजींना देव आधीच सांगतो.

मला हे सहन होत नाही. देवानं आईला सांगितलं आणि 2005ला जे वाहून गेले त्यांना सांगितलं नाही? असा देव मला मानता येणार नाही.

मनाला पुढचं आधीच कळतं का, हा वाद आपल्या दर्शनांत जुना आहे. वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतात, ऋषींना होणारं असं ज्ञान क्वचित साध्या माणसालाही होतं. उदाहरण देतात ते उद्या भाऊ येणार असं मन सांगतंय म्हणणाऱ्या मुलीचं. नैयायिक जयंत भट्टांनी ते ज्ञान खरं मानलं. मीमांसक कुमारिल भट्टांनी मात्र अशा स्फुरणावर विसंबायला नकार दिला. मी कुमारिलांच्या बाजूची. पण त्या मुलीला मी खोटी म्हणणार नाही. भाऊ कधी निघतो, वाटेला किती दिवस लागतात, हे तिच्या अंगात मुरलेलं असेल. आईच्या कानात 2005चा पाऊस आहे, ओल्या गाद्यांचा वास आहे. त्याला दैवी संकेत म्हटलं की तिनं सोसलेलं सगळं तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं.

म्हणून फोन आला की ‘काय होणार?’ असं मी तिला विचारत नाही. विचारते, “आई, पाणी कुठवर आलंय?” ती खिडकीशी जाऊन बघते आणि सांगते.