धीर कुणाच्या भरवशावर

वहिनी : सात किलो उतरले तेव्हा अख्ख्या चाळीने विचारलं, काय करतेस म्हणून. ७८ वरून ७१ वर आले. गणपतीपासून काटा ७१ लाच आहे आणि आता कुणी विचारत नाही. मी तर तेच करतेय. सकाळी नरे पार्कला फेऱ्या, रात्री भात बंद, ऑफिसात बिनसाखरेचा चहा. भाऊजी, काटा का अडला एवढं सांगा, पण धीर धरा म्हणू नका. ते डॉक्टरही म्हणाले, तुमचे भाऊही म्हणतात.

मी : मीही तेच म्हणणार होतो, पण कारण सांगून. ७८ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागायचं, तेवढं ७१ किलोच्या शरीराला लागत नाही. केव्हिन हॉल हे अमेरिकेतले संशोधक. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशोब असा, की उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. तुमच्या सात किलोंचे झाले दीड-दोनशे, म्हणजे दीड-दोन पोळ्या.

वहिनी : मग दोन पोळ्या कमी केल्या की झालं. केल्या. काटा हलला नाही.

मी : कारण दुसरी बाजू जास्त भारी आहे. याच मंडळींनी २०१६ साली दाखवलं, की दर किलोमागे भूक साधारण १०० कॅलरींनी वाढते. खर्च घटतो त्याच्या तिप्पट-चौपट. या हिशोबाने तुमचं शरीर आज रोज ७०० कॅलरी जास्त मागतंय. जवळजवळ एक जेवण.

वहिनी : म्हणजे मी नकळत खाते, असं म्हणायचंय.

मी : हो. सहा-आठ महिन्यांनी वजन थांबतं ते नुसत्या घटलेल्या खर्चाने थांबत नाही. तेवढ्यावर असतं तर ते आणखी बरेच महिने उतरत राहिलं असतं. ताटात रोज थोडं थोडं परत चढत जातं आणि वाढणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हा आरोप नाही, वहिनी.

वहिनी : तुम्ही आरोप म्हणून बोलत नाही, पण मला तो आरोपच ऐकू येतो. असू दे. एकच सांगा. धीर धरला तर ही भूक कमी होते का?

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांचं वजन दहा आठवड्यांत उतरवलं आणि वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. भूक वाढवणारे आणि पोट भरल्याचं सांगणारे हार्मोन तेव्हाही पूर्वीच्या जागी आलेले नव्हते. हे २०११ साली छापून आलं. मी ते वहिनींना सांगितलं.

वहिनी : मग मी वाट कशाची बघायची?

मी : वाट बघू नका. जे चाललंय ते टिकवा.

वहिनी : भाऊजी, धीर काय असतो ते परळमध्ये राहून मला सांगू नका. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अण्णा साचे खात्यात होते. अडीच लाख माणसं घरी बसली. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. ते मिटवतील, पुढच्या महिन्यात मिटेल, पावसाळ्यात मिटेल, दिवाळीला मिटेल. लग्न करून आले तेव्हाही या घरात ‘मिटेल’ हाच शब्द होता. संप आजपर्यंत कुणी मागे घेतलेला नाही. कागदावर तो चालूच आहे म्हणतात. धीर कमी पडला का त्यांचा? तुमच्या वडिलांइतका धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. त्या धीराचं काय झालं?

मी : ते वेगळं होतं.

वहिनी : काय वेगळं?

मी : तिथे थांबणाऱ्याचं रोज नुकसान होत होतं. पगार बंद, दुकानदाराची उधारी, माणसं कोकणात नाहीतर घाटावर परत गेलेली. मालकाला थांबणं परवडत होतं. कापडापेक्षा जमिनीत पैसा आहे हे त्याला कळत गेलं. तुमच्या थांबण्यात तुमचं काय जातं?

वहिनी : तुम्ही पुरुष आहात म्हणून विचारता. सकाळचा तास जातो, त्यासाठी मी पाचला उठते, कारण डबे चुकत नाहीत. घरच्यांसोबतचं जेवण जातं. सणाला पुरणपोळी घेतली की सगळे माझ्या ताटात बघतात, न घेतली तरी बघतात. आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहून आपण कमी पडलो हे वाचायचं. याला तुम्ही फुकट म्हणता?

मी फुकट म्हणालो नव्हतो, पण माझ्या बोलण्याचा अर्थ तोच होता. धीराचा उपदेश करणारा बहुधा दुसऱ्याच्या वेळावर करतो. म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली.

मी : काटा हलला नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं धरून चालू नका. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं, २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांचं चालणं-खाणं बदललं, त्यांच्यात ३९ टक्के. आणि या दुसऱ्या गटाचं वजन जवळजवळ जिथल्या तिथे होतं. तुमची साखर काठावर आहे, तुम्ही त्याच लोकांपैकी आहात.

वहिनी : वजन न उतरताच?

मी : न उतरताच. आपल्याकडे वजन तसंही अर्धीच गोष्ट सांगतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आपल्या परळच्या नव्हे, पुण्याच्या केईएमचे. २००४ साली त्यांनी स्वतःची आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश मित्राची मापं शेजारी शेजारी छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

वहिनी : म्हणजे काटा पुरतं खरं सांगत नाही, हे २००४ पासून माहीत आहे. मग मला त्याच्यावर चढवलं कशाला? सात किलो उतरले तेव्हा तुम्हीच पेढे आणलेत. ते किती उतरले म्हणून आणलेत, साखर किती म्हणून नाही. उतरत होतं तोवर काटा खरा, थांबला की काटा अपुरा. हरणाऱ्याला असंच समजावतात.

यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. पेढे मीच आणले होते.

मग वहिनींनीच विषय बदलला. त्यांच्या ऑफिसातली एक बाई ते नवं इंजेक्शन घेते, मौंजारो. मार्च २०२५ पासून आपल्याकडे मिळतं. तिचं वजन झरझर उतरतंय.

मी : ते भुकेवरच काम करतं. मघाशी म्हणालो त्या भुकेवर. पण थांबवलं की भूक परत येते. त्याच्याच जातीच्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला.

वहिनी : ते जाऊ दे. मला दुसरंच दिसतंय. ती आणि मी एकाच टेबलाला जेवतो. तिने अर्धी चपाती ठेवली की सगळे म्हणतात, औषध लागू पडलं. मी संपवली की म्हणतात, हिच्यात निग्रह नाही. सुईने जी गोष्ट होते, तिला इतकी वर्षं तुम्ही सगळे स्वभाव म्हणत होता.

मी : निग्रह अजिबातच लागत नाही, असं मी मान्य करणार नाही.

वहिनी : लागतो ना. पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. आई गिरणीवाल्यांचे डबे करायच्या. ते ताट आठ तास साच्यापुढे उभं राहणाऱ्याचं होतं. गिरण्या गेल्या, मी दिवसभर खुर्चीत, ताट मात्र या घरात तेवढंच राहिलं. बाहेर चालायला फुटपाथ कुठे मोकळा आहे? एवढं सगळं एकट्या माझ्या निग्रहाने ओढायचं?

त्या बोलत होत्या ते खरं होतं, आणि त्यातून त्यांच्यासाठी उद्या सकाळी करायचं असं काहीच निघत नव्हतं. व्यवस्थेचं कारण कितीही खरं असलं, तरी गुडघा ज्याचा त्याचाच दुखतो. हे मी म्हणालो.

वहिनी : म्हणूनच तर चालतेय.

मी : मग एक करा. रोज नको, पण आठवड्यातून एकदा काट्यावर उभ्या राहा. अमेरिकेत वजन उतरवून ते टिकवलेल्या हजारो लोकांची नोंदवही आहे. त्यातले तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात.

वहिनी : टिकवलं त्यांनाच विचारलं ना? ज्यांचं परत वाढलं त्यांच्या घरी काटा नव्हता?

मी : तोही असणार.

वहिनी : मी काटा माळ्यावर टाकतेय. कंबर मोजीन, बायकांसाठी सांगतात त्या ८० सेंटिमीटरपासून किती लांब आहे ते बघीन. तीन महिन्यांची साखर मार्चमध्ये परत करायची आहे. तोवर चालीन, भात नाही. मार्चमध्ये साखर खाली आली तर पुढचे तीन महिने. नाही आली तर डॉक्टरांना विचारीन, गोळी द्या नाहीतर दुसरं काही सांगा. नुसता धीर धरून बसणार नाही. अण्णांना कुणी तारीख दिली नव्हती.

मी : पण वहिनी, शरीराला तारीख चालत नाही. भूक मार्चनंतरही तेवढीच असेल. हे आयुष्यभराचं आहे.

वहिनी : असेल. पण आयुष्यभर म्हणालात तर मी उद्यासुद्धा उठणार नाही. मार्चपर्यंत म्हणा.

मी मार्चपर्यंत म्हणालो. मला ते अजून पटलेलं नाही.